घराकडे वळलेला कॅमेरा

१९६६ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, पाइन स्प्रिंग्ज नावाच्या नव्हाहो आदिवासींच्या वस्तीत दोन संशोधक गेले. सोल वर्थ हे चित्रपट आणि संवादमाध्यमांचे अभ्यासक, जॉन अडेअर मानववंशशास्त्रज्ञ. नव्हाहोंवर तोवर पुष्कळ चित्रपट निघाले होते, पण ते बाहेरच्यांनी काढलेले. या दोघांना कॅमेरा नव्हाहोंच्याच हातात द्यायचा होता. परवानगीसाठी ते वस्तीतले जाणते सॅम याझी यांच्याकडे गेले. याझींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, या सिनेमाने मेंढ्यांचं काही वाईट होईल का? संशोधक म्हणाले, नाही. मग चांगलं होईल का? तेही होईलसं वाटत नाही, असं उत्तर आल्यावर याझींचा पुढचा प्रश्न सरळ होता: मग काढायचा कशाला?

नव्हाहोंचं घर मेंढ्यांवर चालायचं. ज्या घराचं चित्रण होणार त्या घराच्या पदरात काय पडणार, असं याझी विचारत होते. या गोष्टीला आता जवळपास साठ वर्षं होत आली. आज जगभर चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली स्वतःच्या घरावर माहितीपट काढतात. आईचं आजारपण, आजीच्या तोंडची विरत चाललेली भाषा, वडिलांनी सोडलेलं गाव, स्वतःच्या कातडीचा रंग, आडनाव, आपण मुलगा की मुलगी की आणखी कोणी, असे त्यांचे विषय असतात. गेल्या चार दशकांत या कामाच्या संस्था उभ्या राहिल्या, शिकवण्याच्या पद्धती ठरल्या, काही चित्रपट गाजले, काही वादात सापडले. या सगळ्याकडे एकत्र पाहिलं की माझं मत असं होतं: हे काम मोलाचं आहे, आपल्याकडे ते फार कमी होतं, आणि त्याची पारख करायला याझींच्या प्रश्नाइतकी चांगली कसोटी अजून कोणी काढलेली नाही.

त्या पाइन स्प्रिंग्जच्या प्रयोगातच पहिलं उत्तर मिळालं होतं. सूझी बेनली या तरुणीने आपल्या आईवर, ॲल्टा कान यांच्यावर चित्रपट केला. आई विणकर. बाहेरच्या माणसाने माग आणि झरझर चालणारे हात दाखवले असते. लेकीच्या चित्रपटात मागावर बसण्याआधीचंच खूप काही आहे: मेंढ्या, लोकर कातरणं, लोकरीच्या कामासाठी मुळ्या शोधत केलेली पायपीट. विणणं म्हणजे काय हे घरच्या माणसाला ठाऊक असतं, म्हणून तिने वेळ तिथे दिला. पुढे आईनेही लेकीकडून कॅमेरा शिकून घेतला आणि स्वतः चित्रण केलं. घरातलं माणूस कॅमेरामागे गेलं की विषय कसा बदलतो, याचा याहून साधा दाखला मला माहीत नाही.

खेळण्यातला कॅमेरा

हे काम किशोरांच्या हाती येण्यासाठी यंत्र स्वस्त व्हावं लागलं. १९६७ साली सोनीचा पोर्टापॅक आला. एका माणसाला खांद्यावर वाहता येईल असा हा व्हिडिओ कॅमेरा कार्यकर्त्यांच्या आणि कलावंतांच्या हातात गेला, पण शाळकरी मुलांना तो परवडणारा नव्हता. १९८७ साली फिशर-प्राइस या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने पीएक्सएल-२००० नावाचा लहान मुलांसाठीचा कॅमेरा बाजारात आणला. तो गाण्यांच्या साध्या कॅसेटवर चित्र टिपायचा. चित्र कृष्णधवल, ठिपक्याठिपक्यांचं, धूसर.

सेडी बेनिंग यांना पंधराव्या वर्षी वडिलांकडून, चित्रपटकार जेम्स बेनिंग यांच्याकडून, हा कॅमेरा भेट मिळाला. मिलवॉकी शहरातल्या घराच्या एका खोलीत, दार लावून, बेनिंग यांनी चित्रण सुरू केलं. लेन्सला जवळजवळ चिकटलेला एक डोळा, बोटं, खेळण्यातल्या गाड्या, कागदाच्या चिटोऱ्यांवर हाताने लिहिलेली वाक्यं आणि हलक्या आवाजातलं निवेदन. आपल्याला मुली आवडतात, हे घराबाहेर बोलायची सोय नसलेल्या वयात ते कॅमेऱ्याला सांगितलं गेलं. १९८९-९०मधल्या त्या छोट्या फितींनी पुढे व्हिटनी संग्रहालयाच्या १९९३च्या द्वैवार्षिक प्रदर्शनापर्यंत मजल मारली. कॅमेऱ्याची उणीवच तिथे कामी आली. चित्र इतकं धूसर होतं की दूरचं काही दिसतच नसे, म्हणून सगळं जवळून घ्यावं लागलं, आणि त्या जवळिकीतून एक शैली तयार झाली.

पुढची पायरी संकलनाची. सिनेमा कापायचा-जोडायचा तर स्टुडिओ लागायचा. १९९९ साली ॲपलचं आयमूव्ही आलं आणि घरच्या संगणकावर ते जमायला लागलं. जोनाथन कावेट यांनी अकराव्या वर्षापासून स्वतःचं, आईचं, आजी-आजोबांचं चित्रण करून ठेवलं होतं. आई मनोरुग्ण, तरुणपणी विजेचे झटके दिलेली. या साठलेल्या फिती, फोटो आणि फोनवरच्या निरोपांतून त्यांनी आयमूव्हीवर 'टार्नेशन' (२००३) उभा केला. मूळ खर्च २१८ डॉलर असल्याची तेव्हा फार चर्चा झाली. चित्रपटगृहांत लावताना संगीताचे हक्क वगैरेंसाठी त्याच्या कित्येक पट पैसे लागले, हे मात्र कमी लोक सांगतात. मुलांना 'फोन आहे ना, काढ सिनेमा' म्हणताना ही दुसरी बाजूही सांगायला हवी. टिपणं स्वस्त झालं आहे. लोकांपुढे रीतसर मांडणं अजूनही महाग आहे.

शिकवणारे

एकट्याने खोलीत बसून करणारे थोडेच. बहुतेक मुलं या कामाकडे कुठल्या तरी संस्थेतून येतात. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली स्टीव्ह गुडमन यांनी एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर सुरू केलं. सरकारी शाळांतल्या मुलांनी आपल्या घराचे, वस्तीचे प्रश्न कॅमेऱ्याने तपासायचे आणि त्यातून वाचन-लेखन-विचार शिकायचा, अशी तिथली रीत. १९९६ पासून जो रिचमन यांनी रेडिओसाठी 'टीनेज डायरीज' केल्या. किशोरांना टेपरेकॉर्डर देऊन घरच्या आयुष्याची नोंद करायला सांगितलं. २००१ साली ब्रुकलिनमध्ये रील वर्क्स ही संस्था निघाली. तिथे प्रत्येक मुलाला चित्रपटव्यवसायातला एक जाणता मार्गदर्शक मिळतो, आणि मुलाने आपल्या आयुष्यातली गोष्ट सांगायची असते.

रील वर्क्समधून आलेला किरी डेव्हिस या विद्यार्थिनीचा 'अ गर्ल लाइक मी' (२००५) हा या साऱ्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा चित्रपट. लांबी सात मिनिटांच्या आसपास. किरी तेव्हा शाळेत होती. सुरुवातीला तिच्या वयाच्या काळ्या मुली बोलतात. केसांबद्दल, रंग उजळवायच्या क्रीमबद्दल, आणि आपले पूर्वज आफ्रिकेतल्या कुठल्या देशातून आले हेही आपल्याला ठाऊक नाही याबद्दल. मग किरी १९४०च्या सुमाराची एक प्रसिद्ध चाचणी पुन्हा करते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी अशा दोन बाहुल्या ठेवल्या होत्या. अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला गेला. किरी तेच प्रश्न पन्नासहून अधिक वर्षांनी लहान काळ्या मुलांना विचारते. २१पैकी १५ मुलांना गोरी बाहुली पसंत पडते.

हा आकडा बोलका आहेच, पण मनात राहते ती एक लहान मुलगी. चांगली बाहुली कोणती? ती गोरी दाखवते. वाईट कोणती? काळी. का? काळी आहे म्हणून. आता तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे. मुलीचा हात दोन बाहुल्यांच्या मधे घुटमळतो, आणि मग ती काळी बाहुली पुढे सरकवते. शाळेतल्या मुलीने टिपलेला हा क्षण पुढे कितीतरी वर्गांत, सभांत दाखवला गेला. कोणा मोठ्या संशोधकाला हा प्रयोग पुन्हा करता आला असता. पण किरीच्या चित्रपटात प्रश्न विचारणारीही त्या बाहुलीसारखी दिसणारी आहे, आणि त्यामुळे 'ती मुलं' असं न राहता ते 'आम्ही' होतं.

कॅनडातलं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं गेलं, त्यांची भाषा बोलायला बंदी केली गेली. क्वेबेकमधल्या आतिकामेक समाजातली वापिकोनी अवाशिश ही तरुण कार्यकर्ती २००२ साली रस्त्यावरच्या अपघातात गेली. चित्रपटकार मानों बार्बो यांनी तिथल्या संस्थांबरोबर उभा केलेला फिरता स्टुडिओ तिच्याच नावाने २००४ साली रस्त्यावर आला. वापिकोनी मोबिल म्हणजे चित्रीकरण-संकलनाची सोय असलेली मोठी गाडी. ती दूरच्या वस्तीत जाऊन मुक्काम ठोकते आणि मुलं-तरुण तिथेच चित्रपट करतात. केविन पपाटी या तरुणाचा एक छोटा चित्रपट एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांमधून भाषा कशी निसटत गेली ते सांगतो. मधे निवासी शाळा उभी आहे. वापिकोनीची पहिली दाखवणी वस्तीतच होते. आजी-आजोबा, मामा, शेजारी समोर बसलेले असतात. याझींचा प्रश्न इथे कोणीतरी ऐकलेला दिसतो.

विचारायचं निमित्त

इतकं पाहिल्यावर ध्यानात येतं की या चित्रपटांचे विषय वेगवेगळे असले तरी आतली हालचाल एकच असते: घरात जे कधी विचारलं गेलं नाही ते विचारणं. एरवी पंधरा वर्षांचं पोर आईला 'तू त्या माणसाबरोबर का राहिलीस' असं विचारू शकत नाही. कॅमेरा मधे ठेवला की ते 'काम' होतं, आणि कामासाठी विचारलेल्या प्रश्नाला मोठी माणसं अनेकदा खरं उत्तर देतात.

बिंग लिऊ यांचा 'माइंडिंग द गॅप' (२०१८) हे याचं ठळक उदाहरण. चीनमध्ये जन्मलेला हा मुलगा आईबरोबर अमेरिकेत आला आणि इलिनॉयमधल्या रॉकफर्ड या कारखाने बंद पडलेल्या गावात वाढला. किशोरवयात तो मित्रांबरोबर स्केटबोर्ड खेळायचा आणि त्यांचं चित्रण करायचा. ते फुटेज बारा-एक वर्षं साठत गेलं. मित्रांच्या घरांतली मारहाण हळूहळू चित्रपटाचा विषय झाली, आणि मग प्रश्न त्याच्यावरच उलटला: मित्रांना विचारतोस, तुझ्या घराचं काय? शेवटाकडे तो आईला दिव्यांच्या उजेडात खुर्चीवर बसवतो आणि सावत्र वडिलांच्या मारहाणीबद्दल विचारतो. या वेळी दुसरा कॅमेरा त्याच्यावर आहे. आईचा चेहराही दिसतो आणि विचारणाऱ्या मुलाचाही. आपण लपून राहायचं आणि आईला उजेडात बसवायचं हे त्याला मान्य नव्हतं, असं तो प्रसंग पाहताना वाटतं. या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. मला त्यातला तो दुसरा कॅमेरा अधिक मोलाचा वाटतो.

हेच काम आपल्या घरात कसं होईल? पंधरा वर्षांची नात आजीची मुलाखत घ्यायला बसते असं धरू. जागा स्वयंपाकघराची, कारण आजी तिथे मोकळी असते. पहिला धडा आवाजाचा. पंखा बंद करायचा, फ्रिजचं बटण बंद करायचं, कुकर चढवायचा नाही, खाली भंगारवाल्याची हाळी आली तर थांबायचं. फोन हातात धरायचा नाही. तो डब्यांना टेकवून आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा आणि आपण त्याच्या शेजारी बसायचं, म्हणजे आजी फोनकडे बघून बोलत नाही, नातीकडे बघून बोलते. चित्रण सुरू झालं की आजी आधी पदर सावरते, 'माझं काय घेतेस गं, मी काय केलंय' म्हणते, आणि पहिली दहा मिनिटं सगळं कसं छान होतं ते सांगते. 'आजी, तुझं लग्न कसं झालं?' याला एका वाक्याचं उत्तर मिळतं. 'लग्नाच्या दिवशी सकाळी तू कुठे होतीस?' असं विचारलं की आजी माहेरच्या परसात पोचते. बोलणं संपलं असं वाटलं तरी चार-पाच सेकंद गप्प बसायचं. खरी गोष्ट बहुधा त्या गप्प बसण्यानंतर येते.

मग संकलन. तासाभराच्या बोलण्यातून पाच मिनिटं निवडायची. आजी आजोबांबद्दल एक कडवट वाक्य बोलून गेली आहे. ते ठेवायचं का? ठेवलं तर आत्याला काय वाटेल? काढलं तर आजी अर्धीच उरते. तेच वाक्य वीस वेळा मागे-पुढे करून ऐकताना नातीला कळतं की आजीलाही कधी सोळावं वर्ष होतं, आणि तेव्हा तिचं कोणी ऐकलं नव्हतं. हे कळणं शाळेतल्या कुठल्याही तासाला होत नाही. किशोरांच्या माहितीपटाचं खरं शिक्षण मला या संकलनाच्या टेबलावर होताना दिसतं.

आक्षेप, आणि ते का गंभीर आहेत

पहिला आक्षेप मोठ्यांच्या हाताचा. मुलाच्या चित्रपटात मूल किती आणि मार्गदर्शक किती? निधी देणाऱ्यांना, महोत्सवांना दुःखाची गोष्ट हवी असते. गरीब मुलाने गरिबीवर, निर्वासित मुलाने पळून येण्यावर, आजारी आईच्या मुलाने आजारावरच बोलावं अशी न सांगितलेली अपेक्षा असते. त्या मुलाला क्रिकेटवर किंवा आपल्या मांजरावर सिनेमा काढायचा असला तर?

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' (२००४). झाना ब्रिस्की यांनी कोलकात्याच्या सोनागाछीतल्या मुलांना फोटो काढायला शिकवलं आणि रॉस कॉफमन यांच्याबरोबर त्यावर माहितीपट केला. त्याला ऑस्कर मिळालं. मुलांचे फोटो सुंदर आहेत, आणि त्यांच्यातला एक मुलगा पुढे न्यूयॉर्कला चित्रपट शिकायला गेला. पण सोनागाछीतल्या महिलांच्या संघटनेने, दुर्बारने, आक्षेप घेतला. मुलांच्या आया इथे शिवीगाळ करणाऱ्या आणि निष्काळजी दिसतात, त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी, स्वतःच्या हक्कांसाठी संघटित होऊन केलेली धडपड दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हा आक्षेप रास्त वाटतो. फोटो मुलांचे होते, पण चित्रपटाची गोष्ट मुलांच्या हातात नव्हती. मुलांना तिथून बाहेर काढण्याची गोष्ट सांगायची म्हटलं की घर वाईटच दाखवावं लागतं. मुलांनी ती गोष्ट स्वतः जोडली असती तर त्यांनी आईला इतकं एकरंगी ठेवलं असतं, असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप संमतीचा, आणि तो सर्वांत अवघड. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेने मुलाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क दिला आणि त्याच संहितेने त्याच्या खासगीपणालाही संरक्षण दिलं. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्षात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई केली आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. हे सगळं योग्यच. पण मुलीला वडिलांच्या दारूवर चित्रपट करायचा असेल तर संमतीपत्रावर सही कोणाची? वडिलांचीच. अशा जागी कायद्याचा कागद पुरत नाही, शहाणा मोठा माणूस लागतो. चित्रपट कर, पण तो सध्या फक्त तू, मी आणि आई पाहू, असं म्हणणारा.

तिसरा आक्षेप काळाचा. सोळाव्या वर्षी जगापुढे सांगितलेली गोष्ट तिसाव्या वर्षीही आपलीच वाटेल का? 'टीनेज डायरीज'च्या कर्त्यांनी २०१३ साली आपल्या जुन्या मुलांतल्या काहींना पुन्हा गाठलं आणि मोठेपणीच्या नोंदी करवल्या. ही पद्धत फार चांगली. पण ती विरळ आहे. बहुतेक ठिकाणी चित्रपट यूट्यूबवर जातो आणि मूल आपल्या वाटेला लागतं. मागे घ्यायची सोय नसेल तर संमती पुरी होत नाही.

चौथी गोष्ट आक्षेपाहून सावधगिरीची. 'मिडनाइट ट्रॅव्हलर' (२०१९) हा हसन फाझिली यांच्या अफगाण कुटुंबाने पळून जाताना तीन मोबाइलवर टिपलेला चित्रपट. आई, वडील आणि मुलगी, सगळे चित्रण करतात. एके ठिकाणी धाकटी मुलगी हरवते. शोधाशोध चालू असताना फाझिलींच्या मनात येतं की हा प्रसंग चित्रपटात किती प्रभावी होईल, आणि त्या विचाराचीच त्यांना किळस येते. फाझिली तो प्रसंग टिपत नाहीत. नंतर आपल्याला त्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. मुलांना कॅमेरा शिकवताना तो बंद कधी करायचा हेही शिकवायला हवं, आणि त्यासाठी मी हा प्रसंग दाखवेन.

आपल्याकडे

मराठीला हे काम परकं नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली, चौदा-एक वर्षांची ही मांग समाजातली मुलगी. आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे ती लिहिते. किशोरवयीन मुलीने आपलं घर, आपली जात आणि आपण कोण हा प्रश्न जगापुढे मांडला, तो पुण्यात, सुमारे एकशे सत्तर वर्षांपूर्वी. साधन टाकाचं होतं, एवढाच फरक.

पुढे मराठीत दया पवारांचं 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०), उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) अशी स्वकथनांची थोर परंपरा झाली. त्या प्रत्येकात आई आहे, वस्ती आहे, आडनाव आहे. मात्र ही पुस्तकं मोठेपणी मागे वळून लिहिलेली. पडद्यावर स्वतःचं जगणं आलं ते बहुधा कथापटांतून; नागराज मंजुळे यांचे 'पिस्तुल्या' (२०१०) आणि 'फँड्री' (२०१३) आठवावेत. भारतीय माहितीपटांत समिना मिश्रा यांचा 'द हाउस ऑन गुलमोहर ॲव्हेन्यू' (२००५), सोनाली गुलाटी यांचा 'आय ॲम' (२०११) असे घराकडे वळलेले चित्रपट आहेत, पण तेही मोठ्यांचे. गोव्यातून काम चालवणारी व्हिडिओ व्हॉलंटिअर्स ही संस्था गावोगावच्या वंचित समूहांतल्या माणसांना आपल्या प्रश्नांचं वार्तांकन करायला शिकवते; त्यातही भर प्रौढांवर. मुंबईत अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुकार संस्थेने २००५ पासून तरुणांना फेलोशिप दिल्या, त्यांना 'अनवाणी संशोधक' म्हटलं आणि आपल्याच वस्तीचा, कुटुंबाचा अभ्यास करायला लावलं. संशोधन करणं हाही हक्क आहे, हा अप्पादुराईंचा विचार त्यामागे होता. या कामाला आपल्याकडे सर्वांत जवळचं काही असेल तर ते हेच.

त्याखालच्या वयाला मात्र जवळजवळ काही नाही. फोन आहेत. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि २०२० साली बंदी येईपर्यंत टिकटॉकवर आपल्या तालुक्यातालुक्यातली पोरं आई-बापाला, शेताला, चाळीला घेऊन चित्रण करत होती. आता ती रील्सवर आहेत. म्हणजे कॅमेऱ्याची भीड मोडलेली आहे, घर कॅमेऱ्यापुढे आलेलं आहे. रील तीस सेकंदांत दाद मागते. माहितीपट उत्तराची वाट पाहतो. ही वाट पाहायची सवय शिकवणारं कोणी तिथे नाही.

ते शाळेला करता येईल. प्रकल्पवह्या आपल्याकडे दर वर्षी भरल्या जातात, त्यातल्या पुष्कळशा इंटरनेटवरून उतरवून. त्याऐवजी नववीच्या मुलाला एक टर्म द्यावी: घरातल्या एका माणसाला एकच प्रश्न, पाच मिनिटांचा माहितीपट, फोनवरच. ऊसतोडीला जाऊन आलेल्या आईला, गिरणी बंद झाली तो दिवस आठवणाऱ्या आजोबांना, बेळगावातून पुण्यात आलेल्या काकूला, घरात कोंकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्याच भावाला. नियम चारच पुरतील. ज्याच्यावर चित्रपट, त्याने तो आधी पाहायचा आणि नको ते काढायला सांगायचं. पहिली दाखवणी घरात. इंटरनेटवर काहीही टाकायचं नाही. गुण चित्रपटाला न देता मुलाने लिहिलेल्या टिपणाला द्यायचे: काय विचारलं, काय कळलं, काय वगळलं आणि का.

असं केलं तर सॅम याझींना देता येईल असं उत्तर आपल्याजवळ असेल. होय, घराचं भलं होईल. आजीचं कोणीतरी ऐकून घेईल, नातीला ती कुठून आली हे कळेल, आणि ती फीत त्या घराचीच राहील.

शाळा हे कधी करतील ते करोत. तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे: घरातली मुलगी किंवा मुलगा फोन डब्यांना टेकवून तुमच्यासमोर बसला, तर हसण्यावारी नेऊ नका. उठून पंखा बंद करा, आणि विचारलं त्याचं खरं उत्तर द्या.